गोर्स म्हणून छापलेला फोटो गोर्सचा नाहीये

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियातल्या तणांवरचा लेख वाचला, लेख मस्त जमलाय पण 'गोर्स' (युरोपातून आलेलं काटेरी, पिवळ्या फुलांचं तण) म्हणून जो फोटो छापलाय ते गोर्स नाहीच, ते ऑस्ट्रेलियाचंच मूळचं झुडूप आहे, गोर्स बिटर पी, शास्त्रीय नाव डेव्हिसिया युलिसिफोलिया. मुळात नावातच घोळ आहे म्हणा, युलिसिफोलिया म्हणजे युलेक्ससारख्या पानांचं, आणि युलेक्स हे गोर्सचंच शास्त्रीय नाव! त्यामुळे सगळा दोष तुमचा नाही. मी मेलबर्नला राहते, आल्यावर पहिल्याच वर्षी तण काढायला गेले आणि हेच झुडूप जोर लावून उपटलं, वर काटे टोचले म्हणून त्यालाच शिव्या घातल्या. सोबतच्या एका आजींनी शेंग दाखवली तेव्हा जीभ चावली.

काट्यांवर जाऊ नका, काटे दोघांनाही आहेत. डेव्हिसियाची बारीक पानं खरंतर नेहमीची पानं नव्हेतच, पानाच्या जागी आलेले चपटे कडक हिरवे भाग आहेत ते, टोक सुईसारखं. फूल मात्र हातात घेऊन बघा. गोर्सचं मोठं, नुसतं पिवळंधमक, आणि ऊन तापलं की खोबऱ्याचा वास येतो. डेव्हिसियाचं जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. ठेवण मटाराच्या फुलाची, मागची उभी पाकळी म्हणजे ध्वज, बाजूच्या दोन म्हणजे पंख, खालच्या पाकळ्यांची होडी, पण ध्वज नारिंगी-पिवळा, त्याच्या मुळाशी तांबूस-तपकिरी पट्टा आणि होडी गडद लाल. असल्या रंगांमुळे इकडे या फुलांना सरसकट 'एग अँड बेकन', म्हणजे अंडं आणि डुकराच्या मांसाचे काप, म्हणतात (शाकाहारी माणसाने काय म्हणावं देव जाणे). होडी नखाने अलगद उघडली की आत १० पुंकेसर, सगळे सुटे. मटारात ९ जोडलेले आणि १ वेगळा असतो, गोर्समध्ये तर दहाच्या दहा खाली एका नळीत.

आणि शेंग, ती बघितली की वादच मिटतो. गोर्सची केसाळ, लांबट. डेव्हिसियाची गुळगुळीत, चपटी, चक्क तिकोनी, चिमुकला समोसाच. वाळली की ताडकन फुटते, बिया उडतात, बियांना एक मऊ फिकट टोक असतं, त्यासाठी मुंग्या त्या ओढून नेतात. बीचं कवच इतकं टणक की वणव्याच्या धगीने तडकल्यावर बऱ्याच बिया रुजतात.

डेव्हिसिया हे नाव स्मिथ या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९८ साली ठेवलं, वेल्सचे वनस्पती-अभ्यासक ह्यू डेव्हिस यांच्यावरून, आणि डेव्हिसिया या प्रजातीत १२० च्या वर जाती आहेत, सगळ्या फक्त ऑस्ट्रेलियात. गोर्स मात्र युरोपातून कुंपणासाठी आणलेलं, आज इथल्या राष्ट्रीय पातळीवरच्या घातक तणांच्या यादीत आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरात दोन्ही एकदमच पिवळी होतात आणि तेव्हाच लोक हातमोजे घालून उपटायला निघतात, त्याआधी दुरुस्ती छापा, आणि फोटो फुलाचा नको, शेंगेचा टाका.

आपली,
एक वाचक, मेलबर्न