लाल मॉरिस घेऊ दिली नाहीत, म्हणून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी आईला माझ्या जुन्या मॉरिस गाडीत मागे बसवून कॉव्हेंट्रीहून बॅनबरीला जाऊन आलो. वाटभर ती सीटवरून हात फिरवत होती. बाबांनी सांगलीत सत्तावीस वर्षं अँबॅसेडर चालवली. ती गाडी म्हणजे मुळात इथलीच मॉरिस ऑक्सफर्ड, हे कळल्यापासून मला मॉरिसच हवी होती. ऑक्सफर्ड काही जमेना, म्हणून मॉरिसच्याच ‘११००’ या मॉडेलवर आलो. १९६२ साली बाजारात आलेली ही अ‍ॅलेक इसिगोनिस यांची गाडी. इंजिन आडवं बसवल्यामुळे बाहेरून एवढीशी, पण आत ऐसपैस. साठच्या दशकात ब्रिटनमधल्या घराघरांनी ती का घेतली, ते आत बसल्यावर पटतं.

काका, ती आज दारात उभी आहे ती तुमच्यामुळे. चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे उघड पत्र.

ती पहिली लाल गाडी मी घेतल्यातच जमा होती. रंग चकचकीत, बयाण्याचे पैसे खिशात. तुम्ही रंगाकडे पाहिलंसुद्धा नाहीत. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक काढून दाराखालच्या पट्टीला लावलंत. पुढे चिकटलं. वीतभर मागे सरकवलंत आणि ते टपकन खाली पडलं. ‘‘लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. पत्रा उरलाच नाही.’’ मग पंचाहत्तरीचे तुम्ही ओल्या रस्त्यावर पाठ टेकून, टॉर्च घेऊन गाडीखाली सरकलात. मागच्या सबफ्रेमला, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या पोलादी सांगाड्याला, नखाने टोकरलंत आणि निघालेला गंजाचा पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवलात. या गाड्या तिथेच सडतात, हे तुम्हाला गॅरेजमधल्या नोकरीपासून ठाऊक. मी मात्र परतताना गाल फुगवून बसलो होतो. त्याबद्दल माफ करा.

दुसरी गाडी, ही १९६६ची निळी, तुम्ही आधी मागे उकिडवं बसून पाहिलीत. दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आहेत ना, ते. हिला पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबर आणि द्रव. पुढचं चाक उचललं की द्रव नळीतून मागे जातो आणि गाडी डुलत नाही. गळती लागली की ती बाजू बसते. तुम्ही बॉनेट दाबून मला हे दाखवलंत, घाई न करता, दोनदा.

तुमच्या सूचना पाळतोय. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात, म्हणून तेल वेळेआधीच बदलतो. दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं ई१० पेट्रोल घालत नाही.

पेट्रोलचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. तुमचं चुंबक डॅशबोर्डखालच्या फळीवर राहिलंय. रविवारी अकराला ते परत द्यायला येतो, मॉरिसमधूनच. काकूंना तयार राहायला सांगा. आईने पुरणपोळ्या करायला घेतल्यात.

तुमचा,
समोरच्या घरातला