पेटीवरचे नाव

चि. मंदार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तू घाईत असतोस, म्हणून लिहीत आहे. परवा पुण्याहून वन्संचा फोन आला होता. तू पाठवलेली पेटी उघडली तरी वास सुटला नाही आणि चिरल्यावर गर केशरी न निघता पिवळा निघाला, एवढेच त्या म्हणाल्या. कर्नाटकाचे नावही त्यांनी काढले नाही. पेटीवर मात्र ‘देवगड हापूस, थेट आमच्या बागेतून’ असे छापलेले होते.

यंदा अवकाळी पावसाने मोहोर गळाला, बुकिंग आधीच घेतले होते आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही, हे मला कळते. धारवाडकडचा हापूस वाईट असतो असेही मी म्हणत नाही. त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने विकलास तर मी स्वतः पेट्या भरायला बसेन. पण २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेढे घेऊन तूच आला होतास आणि आता दुसरीकडचा आंबा आपल्या नावावर खपवणे हा गुन्हा ठरेल, हे मला समजावत होतास. मग ते लेबल लावताना तुझा हात कसा धजला?

उपदेश करायचा नाही असे ठरवून बसले होते. रागावू नकोस.

अण्णांना वाशीचा दलाल पट्टीवर लिहील तो भाव मुकाट घ्यावा लागे. तू गिऱ्हाइकाशी थेट बोलायला लागलास, याचे कौतुक मी गावभर सांगितले आहे; पण त्या गिऱ्हाइकाला लेबलाखेरीज दुसरे काय दिसते? आतला गर बिघडवणारा साका बाहेरून कळत नाही, म्हणून अण्णा आधीच सांगून ठेवत की एखादे फळ साक्याचे निघेल, निघाल्यास कळवा. दादरच्या एका बाईंनी दोन फळांविषयी पोस्टकार्ड टाकले, तर यांनी सहा पाठवली, आणि घरात तुझ्या फीची ओढाताण असल्यामुळे मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? अण्णा मिरजेला इस्पितळात होते त्या साली वरच्या थरात मोठी फळे आणि खाली पेंढ्याआड बारकी, अशा पेट्या मीच भरल्या. तू सात वर्षांचा होतास, पेंढा हातात देत होतास. ‘आई, छोटे आंबे खाली का?’ असे विचारलेस आणि मी तुला गप्प बसवले. वन्संचा फोन ठेवल्यापासून तेच डोळ्यांसमोर येते, आणि पुन्हा ते लेबल.

त्या पेट्या कोणाकोणाला गेल्या याची यादी तुझ्याकडे असेलच. त्यांना खरे काय ते कळव आणि मागतील त्यांचे पैसे परत कर. कमी पडले तर माझ्या पाटल्या आहेत. त्यावर वाद घालू नकोस.

अढीतली फळे शनिवारपर्यंत तयार होतील. त्यांतली दोन डझन मी वन्संना एसटीने पाठवत आहे. पेटी कोरीच ठेवली आहे.

तुझी,
आई