तात्यांना मंगळवारी घेऊनच या

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा तू फोनवर विचारलंस, "तिथली माणसं कशी आहेत गं, अन् त्या गाठींचं तुला काही लागणार तर नाही ना?" लिम्फोमा म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, तो असा लागत नाही. गाठी टिकवायच्या फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात, तेवढंच. बाकीचं फोनवर बोलता आलं नाही. तुमचा फोन स्पीकरवर असतो अन् शेजारी तात्या बसलेले असतात. म्हणून पत्र.

आमच्या लॅबमध्ये गंगाखेडचे काका आहेत. मेणात बसवलेल्या गाठीचे काप काढायचं काम त्यांचं. एकेक काप ३ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरात तीनशेच्या वर! उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, म्हणून ठोकळे बर्फावर ठेवायचे, अन् काप उडू नयेत म्हणून पंखा बंद. मे महिन्यात सदरा घामानं चिंब, पण हात हलत नाही. काप कोमट पाण्यावर सोडून काचेवर उचलतात, तेव्हा तू दुधावरची साय अलगद काढतेस ते आठवतं. बोलायचं म्हटलं तर दिवसातून एकदा "चहा" एवढंच.

उदगीरची ताई पेशी वाढवते. तिच्या ३७ अंशांच्या पेटीत १९६३ साली नायजेरियातल्या एका मुलाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचा वंश अजून वाढतोय. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना खाद्य घालावं लागतं, म्हणून ती पोळ्यालाही घरी गेली नाही. "तुझी वासरं काय म्हणतात?" म्हटलं की चिडते.

केजचा पोरगा ऑपरेशन थिएटरमधून गाठी आणतो. मागं एक गाठ बाहेरगावाहून फॉर्मालिनऐवजी नुसत्या सलाईनमध्ये आली, वाटेतच खराब झाली. त्या दिवशी तो जेवला नाही.

अन् मॅडम. त्यांनी मला मायक्रोस्कोपखाली हॉजकिनची पेशी दाखवली. हॉजकिन हा लिम्फोमाचाच एक प्रकार. मोठी, दोन केंद्रकांची, घुबडानं डोळे वटारावेत तशी. पूर्वी मोठमोठे डॉक्टरही या रोगाला क्षयाचाच प्रकार समजायचे. १९०२ साली डोरोथी रीड या तरुण डॉक्टरबाईंनी हा क्षय नव्हे, हे दाखवून दिलं. मॅडम म्हणाल्या, "सव्वाशे वर्षं होत आली, आपल्याकडं अजून घोळ तोच."

बाबा, मला तेव्हा तात्याच दिसले. मानेत गाठ आली तर आधी अवधाण म्हणून लेप लावला, मग डॉक्टरांनी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. टीबी असेलही, आपल्याकडं तो काही कमी नाही. घाम, ताप, वजन उतरणं दोन्हीत असतं. पण तीन महिने झाले, गाठ वाढतेच आहे. नुसत्या सुईनं भागणार नाही, गाठ काढूनच तपासावी लागेल. हॉजकिन निघालं तरी त्यातून पुष्कळ लोक बरे होतात, हे त्यांना आधी सांगा. कॅन्सर हा शब्द नंतर.

मंगळवारच्या पहिल्या गाडीनं या. केजचा पोरगा स्टँडवर येईल. गोळ्या मनानं बंद करू नका, पाकिटं अन् जुने कागद पिशवीत घाला. आई, लेप मात्र आता लावू नकोस.

तुमची,
माई