जाड रहस्यकादंबरीची बाजू

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी न चुकता वाचतो पण त्यात रहस्यकादंबरी कधी दिसतच नाही, अन् चुकून आलीच तर "प्रवासात टाइमपासला बरी" म्हणून दोन ओळीत बोळवण, म्हणून हे पत्र. मी परभणीला कोर्टात नोकरी करून रिटायर झालेला माणूस. एवढ्यात रॉबर्ट गॅलब्रेथ यांची 'ट्रबल्ड ब्लड' वाचून काढली. गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरवाल्या रोलिंग बाई, हे त्यांचं टोपणनाव. २०२० ला आलेलं पुस्तक, पानं नऊशेच्या वर. लेकीने टॅबमधे टाकून दिलं, अक्षर मोठं करता येतं हे लई बरं झालं, नाहीतर तेवढा ठोकळा छातीवर धरून वाचणं आता होत नाही.

गोष्ट अशी की लंडनमधली एक डॉक्टर बाई १९७४ च्या ऑक्टोबरात भर पावसात संध्याकाळी दवाखान्यातून निघते, मैत्रीण पबमधे वाट बघायलीय अन् बाई तिथं पोचतच नाही. बॉडी नाही, पत्ता नाही. तेव्हा जेमतेम वर्षाची असलेली पोरगी जवळपास चाळीस वर्षांनी एका खाजगी डिटेक्टिव्हला गाठते अन् वर्षभराची मुदत देते. आपल्याकडे सात वर्षं माणसाची काही खबर नाही लागली की तो मेला असं कायदा धरून चालतो, पण लेकराचं समाधान असल्या कलमाने होतंय का? शेवट सांगत नाही, उगं शिव्या नको खायला.

मला त्यात जे भावलं ते वेगळंच. जुन्या फाइलीत काय असतं हे मी नोकरीभर बघितलंय. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही अशा केसला पोलीस 'ए समरी' पाठवतात, कोर्टात मंजूर झाली की कागद रेकॉर्ड रूमला. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, टाचण्या गंजलेल्या, पंचनाम्याची कार्बन कॉपी इतकी फिकी की उजेडात धरून वाचावी लागते, अन् खालच्या कप्प्यात निजामाच्या काळातले उर्दू कागद जे आता वाचणारंच कोणी नाही. खुनाला मुदतीचं बंधन नाही, नवीन पुरावा आला तर केस पुन्हा उघडता येते, पण उघडायला कोणीतरी ते फडकं सोडलं पाहिजे ना. कादंबरीत तेच होतं. एकीला टेलिफोन बूथजवळ दोन बायका झटापट करताना दिसल्या, दुसरा म्हणतो सुसाट व्हॅन गेली, अन् चाळीस वर्षांत प्रत्येकाने आपापली गोष्ट इतक्यांदा सांगितलीय की आता त्याला स्वतःलाच ती खडान्‌खडा खरी वाटायलीय. साक्षीदार खोटं बोलत नाही, तरी चुकतो. पिंजऱ्यातली माणसं बघितलेल्याला हे लगेच पटतं.

त्यात भर म्हणजे पहिला तपास करणारा इन्स्पेक्टर डोक्याने बिघडतो अन् पुरावे सोडून राशी-ग्रह मांडत बसतो, त्याच्या वहीत सगळी चक्रं अन् चिन्हं. हे वाचताना मला आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावचे खून आठवले. तीच वर्षं की हो, १९७२ ते ७४. इकडे दुष्काळ, अन् त्यात बायका-पोरींचे खून, गुप्तधनासाठी बळी दिल्याची चर्चा, शेवटी मुंबई क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. आम्ही तेव्हा शाळेत, दिवस मावळायच्या आत पोरी घरात पाहिजेत असा घरोघर दंडक. अंधश्रद्धा म्हटलं की आपल्याच गावाकडं बोट दाखवतात, इथं तर लंडनचा पोलीसच कुंडली मांडायला.

आता लांबीचं. लोक म्हणतात पाचशे पानं कापली असती तरी चाललं असतं. मला नाही पटत. डिटेक्टिव्हची मामी कॅन्सरने आजारी, तिकडे पूर, त्याच्या पार्टनर पोरीचा घटस्फोट लांबत चाललेला, हे सगळं तपासाच्या मधेमधे येतं म्हणून तर वर्ष सरल्यासारखं वाटतं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार एका बैठकीत संपायचा, त्याची मजा वेगळी, आम्ही वाचनालयातून नेऊन रात्रीत फस्त करायचो. पण जुनी केस तशी पळवता येत नाही, म्हातारी माणसं चहा झाल्याशिवाय मुद्द्यावर येतच नाहीत. हां, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर जुन्या इंग्रजी कवितेच्या ओळी आहेत त्या मी सरळ सोडून दिल्या, काही अडलं नाही.

तर विनंती एवढीच की पुरवणीत अशा पुस्तकांना अर्धं पान तरी द्या, अन् आपल्या भागातल्या एखाद्या रिटायर फौजदाराला नाहीतर वकिलाला गाठून अशी कादंबरी क्रमशः लिहायला सांगा. मराठवाड्यात जुन्या केसेस काय कमी आहेत का. नावं-गावं बदलून लिहा म्हणावं. रेकॉर्ड रूमची माहिती लागली तर मी द्यायला तयार आहे, बस्ता कसा बांधतात, शेरा कोण मारतं, नक्कल मागायला अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, सगळं सांगतो.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, परभणी