यादीत नावच नसेल तर प्राधान्य कसले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूमृत दात्यांचे अवयव देताना प्रतीक्षायादीतील स्त्रियांना प्राधान्य द्यावे, अशी सूचना राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यांना केली. २०१९ ते २०२३ या काळात देशात जिवंत दात्यांनी केलेल्या ५६,५०९ अवयवदानांपैकी ३६,०३८ स्त्रियांनी केली, आणि अवयव मिळालेल्यांत मात्र पुरुषच बहुसंख्य आहेत. तेव्हा सूचना रास्तच आहे. परंतु तिचा लाभ ज्या स्त्रीचे नाव यादीत आहे तिलाच होणार, आणि गळती होते ती त्याच्या आधी.

माझ्या मावसभावाच्या यकृत प्रत्यारोपणासाठी मला महिनाभर एका रुग्णालयात ये-जा करावी लागली. यकृताचा भाग वहिनींनी दिला. नात्याचा पुरावा म्हणून फाइलीत रेशनकार्डाच्या झेरॉक्समागे त्यांच्या लग्नाचा फोटो लावला होता, अंतरपाट नुकताच दूर झालेला. भावाचे दोन सख्खे भाऊ धडधाकट असूनही त्यांचा रक्तगट कोणी विचारला नाही. ‘ते कमावते आहेत’ एवढे कारण सर्वांना पुरले. वहिनींनी स्वखुशीने दिले, हे खरेच. पण सासरची चार माणसे बाहेर बाकावर बसलेली असताना ‘दबाव नाही ना?’ या प्रश्नाला त्या दुसरे उत्तर काय देणार होत्या?

वैद्यकीयदृष्ट्याही हे उफराटेच आहे. यकृताचा बसवायचा भाग रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी असावा लागतो, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ६०० ग्रॅम. त्यासाठी पन्नास किलोच्या बाईपेक्षा धिप्पाड भाऊ अधिक सोयीचा. दारूमुळे यकृत निकामी झालेल्यांत पुरुष जास्त असतात, हे मान्य; पण म्हणून देणाऱ्या बायकाच का, याचा उलगडा त्यातून होत नाही.

अमेरिकेत २००२ मध्ये बिलिरुबिन, क्रिएटिनीन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांवरून ‘मेल्ड’ नावाचा गुणांक काढून, ज्याचा आजार गंभीर त्याला यकृत आधी, अशी पद्धत सुरू झाली. यादीतील कृष्णवर्णीय रुग्णांना पूर्वी सोसावा लागणारा दुजाभाव त्यामुळे बराच कमी झाला, परंतु स्त्रिया मागे पडल्या. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे बिघडली की रक्तात वाढते. स्त्रियांचे स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंडे तितकीच बिघडलेली असूनही त्यांचे क्रिएटिनीन कमी आणि गुणही कमी. शिवाय ठेंगण्या बाईच्या पोटात थोराड पुरुषाचे यकृत मावत नाही, ते वेगळेच. अखेर २०२३ मध्ये सूत्र सुधारून प्रौढ स्त्रियांना १.३३ गुण वाढवून देण्यात आले. दुरुस्तीला एकवीस वर्षे लागली, तरी ती होऊ शकली, कारण यादीतला प्रत्येक रुग्ण लिंग, वंश आणि वय यांसह नोंदलेला होता. ज्याला डॉक्टरांनी प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवलेच नाही, त्याच्यापर्यंत मात्र हे सूत्र तिथेही पोहोचत नाही.

वहिनींच्या शेजारच्या खाटेवरील बाई दर पंधरा दिवसांनी पोटातले पाणी काढून घ्यायला येत. त्यांच्या केसपेपरवर प्रत्यारोपणाचा सल्ला लिहिलेला होता. नाव मात्र कोणत्याच यादीत नव्हते. ‘मुलीचं लग्न होऊ दे, मग बघू’ असे त्या मला म्हणाल्या होत्या.

म्हणून मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांनी ज्यांना सल्ला मिळाला पण ज्यांची नोंदणी झाली नाही, अशा रुग्णांची स्त्री-पुरुषवार माहिती रुग्णालयांकडून दरवर्षी मागवून प्रसिद्ध करावी, आणि नोंदणी का झाली नाही, पैशांअभावी, दात्याअभावी की घरच्यांच्या नकारामुळे, हेही त्यात नमूद असावे. तसेच पत्नी किंवा बहीण दाता असेल तेव्हा घरातील कोणत्या पुरुषांची तपासणी झाली, हा रकाना परवानगीच्या अर्जातच घालावा.

आपली,
एक वाचक, ठाणे