विन्या, कीनाबालू राहू दे, श्रीलंकेला जाऊ

प्रिय विन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, पण त्याचं उत्तर बोलून देणं मला जमत नाही म्हणून हे लांबलचक लिहून राहिलो, चहा घेऊन बस. पोट्ट्यांना बाहेर देशात ट्रेकला न्यायचं हे आता पक्कं धर. फक्त तू म्हणतो तो बोर्निओचा कीनाबालू डोंगर नको बे. ४०९५ मीटर ऐकून सगळ्यांचे डोळे मोठे झाले हे खरं, पण परमिट, वरच्या मुक्कामाचं बुकिंग, गाईड, सगळ्याचे पैसे लय आधी भरावे लागतात, आणि आपल्या पोट्ट्यांच्या हाती पैसा येतो तेंदूपत्त्याच्या नाहीतर धानाच्या वेळी, त्यातही धान मोजून दिल्यावर खात्यात कधी पडतील ते देवालाच ठाऊक.

म्हणून श्रीलंका. बल्लारशाहून रेल्वेनं चेन्नई, तिथून कोलंबो विमानानं दीडेक तास, विषय संपला. तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून श्रीलंकेतल्या कांकेसंथुराईला बोट आहे, ऑक्टोबर २०२३ मधे सुरू झाली, मग बंद पडली, मग २०२४ मधे परत सुरू झाली, आणि पोट्टे त्या बोटीसाठीच हटून बसले. पण समुद्र खवळला की ती निघत नाही, एवढ्या जणांना घेऊन बंदरावर ताटकळत बसायची माझी तरी तयारी नाही. व्हिसाचं ऑनलाइन होते पण नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या आदल्या दिवशी परत पाहू.

घरी सांगितलं तर आजी म्हणे, लंकेत? रावणाच्या? तिथं बसलेला आपला सुखदेव मडावी म्हणाला, आजी, आम्ही गोंड तर रावणाला राजाच मानतो, म्हणजे मी माहेरीच चाललो की. आजी हसली आणि परवानगी झाली. टीममधल्या पूजा आणि वैशालीच्या घरी मात्र असं हसून भागणार नाही. सोबत एक बाई माणूस पाहिजेच, तुझ्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधली कोणी अनुभवी ताई मिळते का ते बघ, हे सगळ्यात अर्जंट.

आता खरी गोष्ट. आपले पोट्टे सगळे पोलीस भरतीवाले. सोळाशे मीटर म्हण, गोळाफेक म्हण, पहाटे पाचला रोडवर पळतात. त्यांना वाटते आपण फिट आहो आणि गरमीचं तर कौतुकच नाही, मे महिन्यात ४५ डिग्रीत तेंदूपत्ता तोडतो तर श्रीलंकेचे ३०-३२ डिग्री म्हणजे काय? इथंच गडबड आहे. आपल्याकडची मे ची गरमी कोरडी, घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. तिथल्या जंगलात हवाच ओली, घाम निथळतो पण वाळत नाही, अंग आतून तापत जाते. परवा पावसाची उघडीप होती तर मी प्रत्येकाच्या बॅगेत बारा किलो तांदूळ भरायला लावले आणि तलावाच्या पाळीवरून फिरवलं. आपला भूषण, भरतीच्या रनिंगमधे ज्याच्या जवळ कोणी जात नाही, तो तासाभरात पाळीवर बसला, शर्ट पिळला तर पाणी गळलं, आणि म्हणे भाऊ डोकं दुखून राहिलं. पाणी तो पीतच नव्हता, तहान लागली नाही म्हणे. मग सावलीत निजवला, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर अर्धा चमचा मीठ, हळूहळू पाजलं, अर्ध्या तासात उठला. बाकीच्यांनी ते पाहिलं हे लय बरं झालं, मी दहा लेक्चर देऊन जे झालं नसतं ते झालं.

म्हणून माझं म्हणणं, ट्रेनिंग आत्ता, पावसात, धानाच्या रोवणीतून मोकळे झालो की लगेच. दिवाळीनंतर थंडीत नको, तेव्हा सगळेच शूर असतात. रविवारी वजन घेऊन चिखलातून चालणं, मग एकदा रामटेकच्या पायऱ्या, आणि सप्टेंबरात चिखलदऱ्याला तीन दिवस, ते तू घे. अंगाला दमट हवेची सवय व्हायला आठवडा दोन आठवडे लागतात आणि काही आठवड्यात ती जाते पण, त्यामुळं आत्ताची सवय फेब्रुवारीत निघू तेव्हा कामी येणार नाही हे मला माहीत आहे. पण ओल्या बुटात दिवस काढणं आणि तहान नसताना पाणी पिणं हे तर शिकतील. तिथं गेल्यावर पहिले दोन दिवस नुसतं हलकंफुलकं, कितुलगलाला केलानी नदीत राफ्टिंग वगैरे.

मग सिंहराजा. १९८८ पासून युनेस्कोच्या यादीतलं जंगल, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जळवा. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या जळवा आपल्या पोट्ट्यांना माहीत आहेत, पण तिथल्या पाण्यात नाही, पानावर बसून वाट पाहतात. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात, ऑनलाइन किंमत पाहिली आणि बंद केलं, आपल्या टेलरकडून मांजरपाटाचे शिवून घेऊन राहिलो, वर नाडी. चिखल्यांचं तर सांगायलाच नको, रोवणीत बोटांच्या बेचक्या कुजवून घेण्यात आपला हात कोणी धरणार नाही, तरी रात्री पाय कोरडे करून पावडर आणि कोरडे मोजे ही सक्ती. वाघ तिथं नाही, बिबट्या आहे, हत्ती आहे. हत्तीपासून कसं जपायचं ते २०२१ पासून आपल्या जिल्ह्यातच शिकलो, जंगली हत्ती तेव्हापासून इथं आहेत.

शेवटी श्रीपाद, यात्रेचा डोंगर, २२४३ मीटर. नल्लतन्नीकडून साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या, रात्री चढायचं, वर सूर्योदय. वरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाची म्हणतात, हिंदू शंकराची, मुसलमान आदमची. यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे पर्यंत, तेवढे दिवस वाटेवर लाईट असतात. पण पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळायचे, अख्खा देश त्या पायऱ्यांवर असतो. वर थंडी वाजते, स्वेटर नको म्हणणाऱ्याला खालीच ठेवू. फेब्रुवारीचा पहिला आठवडा मला बरा वाटते, त्या बाजूला तेव्हा पाऊस कमी, धानाची मळणी झालेली, मोहा पडायचा असतो.

तब्येतीचं एक ऐक, श्रीलंकेला २०१६ मधे डब्ल्यूएचओनं मलेरियामुक्त जाहीर केलं. आणि आपण कुठले, गडचिरोलीचे! म्हणजे आपणच तिकडं काही घेऊन जाऊ नये, निघायच्या आधी सगळ्यांचं रक्त तपासून घेऊ. डेंग्यू तिथं आहेच, मच्छराचं मलम दिवसा पण लावायचं. अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर १९९०, फुकट आहे, भारताच्या मदतीनं सुरू झालेली. इन्शुरन्स नसेल तर कोणाला गाडीत घेत नाही, मायबापाला मी तोंड दाखवायचं आहे.

सगळ्यात मोठी भीती सांगू? पाऊस नाही, साप नाही, भरती. मधेच ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची तारीख लागली तर अर्धी टीम तिकडं पळेल आणि मी त्यांना अडवणार नाही, पोटाचा प्रश्न आहे. म्हणून तारीख बदलता येईल असंच तिकीट पाहू, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. अठराच्या आतले दोघं आहेत, त्यांना पुढच्या वर्षी. बाकीच्यांचे पासपोर्ट या महिन्यातच, पंधराशे फी, नागपूरची खेप, मग पोलीस व्हेरिफिकेशन, आणि टीसीवरचं नाव एक, आधारवरचं दुसरं असे नमुने निघून राहिले, ते निस्तरण्यात माझे दिवस चालले आहेत.

तू तीन गोष्टी कर. चिखलदऱ्याच्या तारखा दे, ताईचं विचार, आणि तुझ्या ग्रुपकडं पडून असलेल्या जुन्या रकसॅक किती मिळतील ते कळव, भाड्यानं नको, मागून आण. कीनाबालूसाठी रुसला असशील तर फोनवर शिव्या दे, संध्याकाळी सातनंतर कर, त्याआधी मी बांधीत असतो, तिथं रेंज नाही.

तुझाच,
गज्या