३१ खाटा आणि एक सिस्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाकाळातल्या परिचारिकांच्या ताणाबद्दलचा कालच्या अंकातला लेख दोनदा वाचला. आम्हाला ध्यानधारणा, श्वसनाचे व्यायाम आणि समुपदेशन मिळायला हवं होतं, असं लेखकांचं म्हणणं. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण चौतीस वर्षं कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत काढलेल्या बाईला हे वाचून राग आला, तो कळवल्याशिवाय राहवत नाही.

आमचं मन कच्चं नव्हतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने माझ्या घराची कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, तरी मी रजा मागितली नाही. ताण कसला होता ते सांगते.

गणपतीनंतरचे दिवस. पुरुष आणि महिला दोन्ही वॉर्ड मिळून ३१ खाटा, सगळ्या भरलेल्या. रात्रपाळीला मी एकटी, कारण जोडीची मुलगी पॉझिटिव्ह येऊन त्याच वॉर्डात दाखल होती. किट एकदा चढवलं की पाणी नाही, लघवी नाही, म्हणून दुपारपासूनच मी पाणी बंद करायची. पहाटे तीनच्या सुमारास ९ नंबरच्या खाटेशी ऑक्सिजनच्या बाटलीतली बुडबुड थांबली. हे काम केलेल्यांना ठाऊक आहे, तो आवाज थांबलेला झोपेतसुद्धा कळतो. सिलिंडर संपला होता. वॉर्डबॉय खाली ॲम्ब्युलन्समधून पेशंट उतरवत होता. नवा सिलिंडर जोडायला मी पाना घेऊन बसले. गॉगलवर वाफ, हातात एकावर एक दोन मोजे, नट काही सापडेना. तेवढ्यात १४ नंबरचे आजोबा लघवीला म्हणून उठले. "आजोबा, थांबा, आलेच!" मी ओरडले, पण किटमधून आवाज पोचतोय कुठे? ते पडले. खांद्याचं हाड मोडलं.

दोघंही वाचले. चौथ्या दिवशी मला कारणे दाखवा नोटीस आली : रुग्णाकडे दुर्लक्ष, ४८ तासांत खुलासा द्या. सॅनिटायझरने बोटांची सालं निघाली होती, पेन धरवत नव्हतं. खुलाशात मी खाटा आणि सिस्टर यांचा हिशोब लिहिला. "तेवढं वाक्य काढा, सिस्टर, उगाच वाढेल," असं वरून सांगण्यात आलं. मी काढलं. आज्ञाधारक राहायची सवय होती. ते वाक्य काढायला नको होतं. आज आपल्या वृत्तपत्रात ते छापा : त्या रात्री ३१ खाटांना मी एकटी होते.

सामान्य रुग्णालयात ५ खाटांमागे १ परिचारिका आणि रजेसाठी वर ३० टक्के जादा, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो पाळला असता तर कोणीतरी आजोबांचा हात धरला असता. लेखात रिक्त पदांबद्दल एक ओळही नाही. कंत्राटावर घेतलेल्या आणि लाट ओसरताच घरी पाठवलेल्या मुलींबद्दलही नाही.

जाता जाता आणखी एक. टाळेबंदीत बंद झालेली आमच्या गावची संध्याकाळची एसटी अजून सुरू झालेली नाही. माझ्या जागी आलेली सिस्टर रात्रपाळीसाठी दुपारी दोनच्याच गाडीने निघते आणि पाळी सुरू होईपर्यंत स्टँडवर बसून राहते. आपल्या वार्ताहराने एकदा तिथे जाऊन तिच्याशी बोलावं.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, दापोली तालुका